पानाखालची तारीख कोणाची?

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनच्या साइटवर पानाच्या अगदी तळाशी बारीक करड्या अक्षरांत एक ओळ असते: शेवटचा बदल अमुक तारखेला. लिहिणाऱ्याच्या लेखी ती शेवटची ओळ, अडलेल्या वाचकाच्या लेखी पहिली. रात्री दीड वाजता काहीतरी बिघडलेलं असतं, शोधत शोधत तो त्या पानावर पोचतो, आपलीच अडचण तिथे लिहिलेली दिसते, आणि सांगितलेली कमांड चालवण्याआधी त्याची नजर खाली जाते. हे कधीचं आहे?

ही ओळ साइटवर आणणं सोपं आहे. डॉक्युसॉरसमध्ये एका सेटिंगपुढे 'ट्रू' लिहायचं. व्हिटप्रेसमध्येही तेच. ह्यूगोला गिटचा इतिहास वाचायची मुभा द्यायची, एमकेडॉक्सला एक प्लगइन लावायचं. पाच मिनिटांचं काम. या पाच मिनिटांवरून माझ्या ओळखीच्या दोघांत जे वाजलं ते इथे मांडतो आहे. तो बिल्ड आणि सर्व्हर सांभाळतो, ती मजकूर लिहिते. दोघंही पुण्यात, एकाच उत्पादनावर, आणि एकमेकांना 'तू' म्हणत भांडण्याइतके जुने सहकारी. नावांची गरज नाही. तो बिल्डवाला, ती लेखिका. राहवलं नाही तिथे मीही मध्ये बोललो आहे.

बिल्डवाला: काल सेटिंग चालू केलं. आता प्रत्येक फाइलचं शेवटचं कमिट ज्या दिवशीचं, ती तारीख आपोआप पानाखाली येईल. कोणी हाताने काही लिहायचं नाही, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही आणि थाप मारायचाही नाही.

लेखिका: आणि आज सकाळी सगळ्या पानांवर कालची तारीख आहे. इन्स्टॉलेशनचं पान मी कित्येक महिन्यांत उघडलेलं नाही. तेही काल बदललं म्हणे.

बिल्डवाला: ते क्लोनमुळे. गिटहब अ‍ॅक्शन्स रेपो उतरवून घेताना फक्त शेवटचं कमिट घेते, मागचा इतिहास घेत नाही. कॉन्फिगमध्ये ज्याला फेच-डेप्थ म्हणतात तो आकडा मुळात १ असतो. गिटच्या दृष्टीने मग जगात एकच कमिट आहे आणि सगळ्या फाइली त्यातच जन्मल्या. त्या आकड्याच्या जागी ० लिहिला की पूर्ण इतिहास येतो. आज दुरुस्त करतो.

लेखिका: पण एक अख्खा दिवस साइट वाचकांना सांगत होती की सगळं ताजं आहे.

बिल्डवाला: सगळ्या पानांवर एकच तारीख दिसली की निदान शंका तरी येते. खरी गंमत गिटलॅबवर. तिथे नव्या प्रकल्पात डेप्थ २० असते. त्या खिडकीत ज्या फाइली बदलल्या त्यांच्या तारखा अचूक येतात. त्याआधी बदललेल्या सगळ्या फाइलींना खिडकीच्या काठावरच्या कमिटची तारीख चिकटते. निम्मी पानं खरी, निम्मी चुकीची, आणि वरून बघून कोणालाही ओळखता येणार नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण अनेकांची समजूत वेगळी असते. आपल्या लॅपटॉपवर प्रत्येक फाइलला स्वतःची 'बदलल्याची वेळ' असते, तशी ती गिटमध्येही असेल असं वाटतं. नसते. गिट फाइलची ती वेळ साठवतच नाही. क्लोन केलं की सगळ्या फाइलींवर क्लोन केल्याचीच वेळ बसते. त्यामुळे एखादं साधन गिटला न विचारता थेट फाइलची वेळ वाचत असेल, तर बिल्ड सर्व्हरवर ते दर वेळी 'आत्ताच बदललं' असंच सांगणार. तारीख हवी असेल तर कमिटांच्या माळेतूनच मागे जाऊन शोधावी लागते.

लेखिका: मला आधी दुसरंच दिसलं होतं. माझ्या मशीनवर साइट चालवली तेव्हा प्रत्येक पानाखाली १४ ऑक्टोबर २०१८! आपलं उत्पादन तेव्हा होतं तरी का?

बिल्डवाला: ती नकली आहे. हजार पानं असतील तर हजार वेळा गिटला विचारावं लागतं. लिहिताना दर सेव्हला तेवढं थांबणं कोणाला परवडणार? म्हणून डॉक्युसॉरस डेव्हलपमेंटमध्ये एक ठरीव तारीख दाखवतो. शेजारी तसं लिहिलेलंही असतं की ही वेग वाढवण्यापुरती केलेली बतावणी आहे.

लेखिका: निदान तिथे तरी साधन कबूल करतं.

बिल्डवाला: टोमणा कळला. आता पूर्ण इतिहास आणलाय, बघ.

लेखिका: बघितलं. अपग्रेडच्या पानाखाली २० मार्च आहे. मी ते लिहिलं ३ मार्चला.

बिल्डवाला: लिहिलंस ३ला, मर्ज झालं २०ला. गिटच्या प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात, एक लेखकाची आणि एक कमिट करणाऱ्याची. बदल मुळात केला तो दिवस लेखकाचा. ते कमिट आत्ताच्या रूपात तयार झालं तो दिवस कमिट करणाऱ्याचा. रिबेस केलं, चेरी-पिक केलं, नुसता संदेश सुधारला, तरी पहिली तारीख तशीच राहते आणि दुसरी बदलते. डॉक्युसॉरस दुसरी वाचतो, ह्यूगो पहिली.

लेखिका: म्हणजे तीच फाइल, तोच बदल, आणि साइट ह्यूगोवर असती तर ३ मार्च दिसलं असतं.

बिल्डवाला: हो.

लेखिका: आणि म्हणे यंत्राला मत नसतं.

बिल्डवाला: माझं मत हवं असेल तर दुसरीच तारीख बरोबर. वाचकाच्या हातात तो मजकूर २० मार्चला आला. त्याआधी तो तुझ्या ब्रँचवर होता, जगात नव्हता.

लेखिका: मजकूर कधी आला याच्याशी वाचकाला काय करायचंय? मी त्या पायऱ्या स्वतः करून कधी बघितल्या, हे त्याला हवंय. ते ३ मार्च. २० मार्चला मी काहीही करून बघितलेलं नाही. त्या दिवशी तू एक बटण दाबलंस.

माझ्या मते सगळा वाद इथेच आहे, बाकी तपशील. तो मजकुराची तारीख सांगतो आहे, ती तपासणीची. दोन्ही खऱ्या असू शकतात. पण पानाखाली जागा एकाच ओळीची, आणि वाचक त्या ओळीतून नेहमी दुसरी गोष्टच वाचतो: कोणीतरी अलीकडे हे पाहिलं आहे, म्हणजे हे चालत असणार.

बिल्डवाला: तू म्हणतेस ते वाचकाने लावलेलं आहे. आपण 'बदल' लिहिलंय, 'तपासणी' नाही.

लेखिका: मग गेल्या महिन्यात तू सगळ्या रेपोवर प्रेटियर चालवलास तेव्हा 'बदल' झाला की नाही?

बिल्डवाला: तांत्रिकदृष्ट्या झाला.

लेखिका: तांत्रिकदृष्ट्या! ओळींच्या शेवटची रिकामी जागा गेली, तारांकनांच्या जागी डॅश आले. एका शब्दाचा अर्थ बदलला नाही. आणि तीन वर्षं पडून असलेली पानं एका दुपारी तरुण झाली. एखाद्याने 'प्रॉक्सी'चं शुद्धलेखन सुधारलं की तेच. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली की तेच.

बिल्डवाला: त्यावर उपाय असतात. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, अशी कमिटं एका यादीत लिहून ठेवता येतात आणि ब्लेम करताना गिट ती ओलांडून मागे जातं.

लेखिका: मग घाल ना त्या यादीत.

बिल्डवाला: ती यादी ब्लेमपुरती. पानाची तारीख येते लॉगमधून, आणि लॉगला त्या यादीची दाद नाही. एमकेडॉक्सवर तारखा आणणाऱ्या प्लगइनने वगळायच्या कमिटांची सोय केली आहे. आपल्याला ते स्वतः लिहावं लागेल.

लेखिका: आणि शुद्धलेखन सुधारल्याचं प्रत्येक कमिट कोण यादीत टाकत बसणार? म्हणजे शेवटी हा बदल मोजायचा की नाही, हे माणसानेच ठरवायचं.

बिल्डवाला: ठरवू दे. पण उलटी बाजूही बघ. आपल्या चार-पाच पानांत ती 'आधी हे लागेल'ची चौकट आहे. तिचा मजकूर एका वेगळ्या फाइलीत आहे आणि पानं तो आत ओढून घेतात. त्या फाइलीत जावाची किमान आवृत्ती बदलली की ती सगळी पानं खरोखर बदलतात. पण त्या पानांच्या स्वतःच्या फाइलींना हात लागलेला नसतो, म्हणून तारीख जुनीच. एपीआयच्या पानांचंही तसंच, ती तर कोडमधून तयार होतात. म्हणजे माझं यंत्र पानं तरुण करतं तसं म्हातारीही करतं. हे मी तुझ्याआधी सांगतोय, लक्षात घे.

लेखिका: घेतलं. पुस्तकांच्या धंद्यात हे कोडं केव्हाच सुटलंय. मराठी पुस्तक उघड, नावाच्या पानामागे स्वच्छ लिहिलेलं असतं: पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी आवृत्ती अमुक साली, पुनर्मुद्रण अमुक साली. आवृत्ती म्हणजे मजकुराला हात लावला. पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुन्हा छापलं. कोणताही बरा प्रकाशक पुनर्मुद्रणाला आवृत्ती म्हणत नाही. आणि म्हटलं तर त्याला लोक ओळखतात. तुमचं गिट दोन्हीला एकच शिक्का मारतं.

बिल्डवाला: गिट निदान पुनर्मुद्रण आणि आवृत्ती यांतच गोंधळतं. काही साधनं तर छापखाना सुरू झाल्याची तारीख देतात. पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन बघ. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख आणि यूटीसी वेळ. कोणतंही पान काढ, त्या आवृत्तीच्या सगळ्या पानांवर एकच. कारण ते स्फिंक्सवर चालतं, आणि स्फिंक्सचं तारखेचं स्वतःचं सेटिंग चालू केलं की ते बिल्ड झाल्याची वेळ दाखवतं. लिस्टवरच्या पानातला मजकूर पाच वर्षांत हलला नसेल, तारीख या आठवड्याची. गिटमधून तारीख काढणारं वेगळं एक्स्टेन्शन स्फिंक्सलाही मिळतं, ते लावावं लागतं.

लेखिका: आणि तरी पायथॉनच्या पानांवर कोणाचा अविश्वास नाही.

बिल्डवाला: कारण तिथे कोणी तारीख बघतच नाही. वरच्या कोपऱ्यात ३.१२, ३.१३ असं लिहिलेलं असतं, ते बघतात.

हे वाक्य त्याने सहज टाकलं आणि पुढे गेला. लेखिकेने मात्र ते धरून ठेवलं होतं, हे पुढे कळलं.

लेखिका: मायक्रोसॉफ्ट लर्नवर कसं आहे ते सांगू? तिथे प्रत्येक लेखाच्या माथ्याला मेटाडेटात तारीख लेखक स्वतः घालतो. तिचा अर्थ ठरलेला आहे: मजकुरात ठोस बदल केला, किंवा मजकूर पुन्हा वाचून तो अजून बरोबर आहे याची खात्री केली, तो दिवस. स्वल्पविराम बदलला तर तारखेला हात लावायचा नाही. मला तेच हवंय. डॉक्युसॉरसमध्येही फ्रंट मॅटरमध्ये तारीख लिहिली की ती गिटच्या तारखेवर मात करते. साधन तयार आहे.

बिल्डवाला: साधन तयार आहे, माणसं आहेत का? पहिले दोन महिने तुम्ही प्रामाणिकपणे तपासाल. मग रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी स्क्रिप्ट लिहील आणि सगळ्या फाइलींत आजची तारीख भरेल. 'बघितलं सगळं, ठीक आहे.' माझं यंत्र चुकतं तेव्हा का चुकलं हे सांगता येतं. माणसाने भरलेली तारीख चुकीची असली तर ती चुकीची आहे हेच कळत नाही.

लेखिका: लिहिणाऱ्यांवर इतका अविश्वास?

बिल्डवाला: लिहिणाऱ्यांवर नाही, रकान्यांवर. भरायलाच हवा असा रकाना असला की तो भरला जातो. सरकारी साइटींचं बघ ना.

भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली काढली, पुढे त्यांच्या नव्या आवृत्त्याही आल्या. त्यांत मुखपृष्ठावर आणि महत्त्वाच्या पानांवर तारीख दाखवायला सांगितलं आहे, आणि तिचं वर्णन मोठं बोलकं आहे: शेवटचा बदल किंवा शेवटचा आढावा. मध्ये एक तिरपी रेघ. हेतू चांगला होता. नागरिकाला कळावं की ही माहिती शिळी नाही. पण त्या तिरप्या रेघेने दोन वेगळे दावे एकाच तारखेत बसवले. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या साइटींवरही तळाशी 'शेवटचे अद्यावत' अशी ओळ दिसते. वाचणाऱ्याने काय समजायचं? योजनेच्या अटी त्या दिवशी कोणी ताडून पाहिल्या, की बातम्यांच्या पट्टीत एक निविदा वाढली? तारखेवरून सांगता येत नाही. बिल्डवाल्याचा मुद्दा मला इथे पटतो. सक्तीची तारीख दिली जाते. सक्तीने तपासणी होईलच असं नाही.

लेखिका: मान्य. पण मग तुझ्या तारखेने तरी काय साधलं? ना बदल कळतो, ना तपासणी.

बिल्डवाला: बदल कळतो, पण तारखेने एकटीने नाही. कुबरनेटीसची डॉक्स बघ. ती ह्यूगोवर आहेत. तळाशी तारीख आणि वेळ असते, आणि पुढे त्या कमिटचा संदेश व त्याची छोटी खूण, तीही लिंकसकट. म्हणजे वाचकाला दिसतं की हा ताजेपणा टायपो सुधारल्याचा आहे की नवी पायरी घातल्याचा. मी काही लपवत नाही, पुरावा देतो, निवाडा तू कर.

लेखिका: हे मात्र आवडलं. फक्त आपल्या कमिटांचे संदेश आठव. 'फिक्स.' 'फिक्स २.' 'आता तरी.' परवाचा एक 'जेवायला जातोय, बाकी नंतर.'

बिल्डवाला: तो माझा नव्हता.

लेखिका: तो पेमेंटच्या पानाखाली झळकेल एवढंच म्हणते.

मग थोडा वेळ दोघं तारखेच्या साच्यावर घसरले. ते लवकर उरकतो. ०४/०५ असं लिहू नये, कारण अमेरिकेतला वाचक एप्रिल वाचतो आणि आपण मे. महिन्याचं नाव लिहावं. 'तीन दिवसांपूर्वी' हे गोड दिसतं, पण पान एकदा तयार होऊन वर्षभर तसंच पडणार असेल तर ते ब्राउझरने दर वेळी मोजायला हवं, नाहीतर वर्षानंतरही तीन दिवसच. शिवाय पान छापून घेतलं की त्याला काही अर्थ उरत नाही. आणि बिल्ड सर्व्हर यूटीसीवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीनंतर पुण्यात केलेलं कमिट आदल्या दिवसाच्या नावावर जातं. यावर दोघांचं भांडण झालं नाही, म्हणून मीही थांबतो.

भांडण झालं ते मराठी पानांवरून.

लेखिका: आपली मराठी पानं काढ. 'बॅकअप घेणे' हे पान. खाली गेल्या आठवड्याची तारीख. मी गेल्या आठवड्यात त्यात काय केलं? 'प्रणाली'च्या जागी 'सिस्टिम' लिहिलं. मूळ इंग्रजी पानात मात्र दोन रिलीजमागे बॅकअपची सगळी पद्धतच बदलली. ते मराठीत आलेलंच नाही. इंग्रजी पानावर जुनी तारीख, मराठीवर नवी. वाचक काय करेल? मराठी पान ताजं समजून जुन्या पद्धतीने बॅकअप घेईल.

बिल्डवाला: मराठी फाइल वेगळी, तिचा इतिहास वेगळा. गिट तरी काय करणार?

लेखिका: म्हणून म्हणते, भाषांतराच्या पानाला स्वतःची तारीख नकोच. त्याला मूळ पानाची कोणती अवस्था भाषांतरित केली ते हवं. मूळ त्यापुढे गेलं असेल तर माथ्यावर सरळ सांगायचं की इंग्रजी पान यानंतर बदललेलं आहे.

बिल्डवाला: हे करता येतं. कुबरनेटीसच्या रेपोत यासाठी एक स्क्रिप्टच आहे. भाषांतराची फाइल दिली की ती शेवटची हलल्यापासून मूळ इंग्रजी फाइलीत काय काय बदललं ते ती दाखवते.

लेखिका: पण मी 'सिस्टिम' लिहिल्यामुळे माझी फाइल गेल्या आठवड्यात हलली. तुझी स्क्रिप्ट त्यानंतरचंच बघेल आणि म्हणेल, काही फरक नाही.

बिल्डवाला: … बरोबर. मग मूळ कमिटची खूण भाषांतराच्या फ्रंट मॅटरमध्ये लिहून ठेवावी लागेल.

लेखिका: हाताने.

बिल्डवाला: हाताने.

एवढा वेळ तो हा शब्द टाळत होता. मराठीत तांत्रिक मजकूर आणू बघणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. भाषांतर एकदा करून सोडलं की ते मूळच्या मागे पडत जातं, आणि मध्येच कोणी प्रेमाने शुद्धलेखन सुधारलं की त्या मागे पडण्यावर ताज्या तारखेचं पांघरूण बसतं. मूळ पान निदान एकाच बाबतीत शिळं होऊ शकतं. भाषांतर दोन बाबतींत.

लेखिका: आता तू मघाशी पायथॉनबद्दल जे म्हणालास तिथे येते. लोक तारीख बघत नाहीत, आवृत्ती बघतात. पोस्टग्रेसक्यूएलच्या डॉक्समध्ये पानाच्या माथ्यावर आवृत्त्यांची रांग असते. १४चं पान वाचतोयस की १७चं, ते आधी कळतं. तिथे पानाची तारीख कोण विचारतं? डेटाबेस चालवणाऱ्याला एवढंच हवं असतं: माझ्याकडे जी आवृत्ती आहे तिच्यासाठी हे खरं आहे का?

बिल्डवाला: त्यांची वर्षाला एक मोठी आवृत्ती येते आणि ती पाच वर्षं सांभाळली जाते. त्यांना ते शोभतं. आपण दर दोन आठवड्यांनी रिलीज करतो.

लेखिका: म्हणून काय, वाचकाचा प्रश्न बदलतो? मला 'शेवटचा बदल' ही ओळ नको, 'तपासणी' अशी नुसती तारीखही नको. मला हवंय: आवृत्ती ४.२वर करून पाहिलं. तारीख हवी तर शेजारी छोटी. या ओळीत निदान काय केलं ते लिहिलेलं आहे.

बिल्डवाला: आणि करून न पाहताच कोणी ४.३ लिहिलं तर?

लेखिका: तर ते खोटं असेल, आणि खोटं कोणी लिहिलं ते तुझ्या ब्लेममध्ये दिसेल. 'शेवटचा बदल' या ओळीत कोणीच खोटं बोलत नाही, आणि तरी वाचक फसतो. मला पहिली परिस्थिती चालेल.

बिल्डवाला: इंटरनेटचे आरएफसी माहीत आहेत ना? त्यांनी तर बदलाचा प्रश्नच मिटवला. एकदा छापलं की अक्षर हलवायचं नाही. चूक सापडली तर शुद्धिपत्र वेगळं, मोठा बदल असेल तर नवा क्रमांक. १९६९च्या एप्रिलमधला पहिला आरएफसी आजही तोच आहे. तारीख कधी खोटी पडतच नाही.

लेखिका: आणि एचटीटीपीबद्दल शोधणारा माणूस अजूनही २६१६वर जाऊन पडतो. तो १९९९चा. २०१४त त्याच्या जागी सहा नवे आले, २०२२त त्यांतल्या बहुतेकांच्या जागी ९११० आला. माथ्यावर 'कालबाह्य' असं लिहिलेलं असतं म्हणून ठीक, नाहीतर तारीख खरी असून उपयोग काय? मानकाला ते शोभतं. बॅकअप कसा घ्यायचा हे सांगणाऱ्या पानाला नाही.

बिल्डवाला: बरं, गूगलचं काय? साइटमॅपमध्ये प्रत्येक पानाची बदलल्याची तारीख द्यायची असते.

लेखिका: त्यांना तर खोटी तारीख अजिबात चालत नाही म्हणतात.

बिल्डवाला: ते खरं आहे. साइटमॅपमधले प्राधान्याचे आणि 'किती वेळा बदलतं'चे रकाने गूगल बघत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. बदलाची तारीख मात्र बघतात, पण ती सातत्याने खरी निघाली तरच. मजकुरात, लिंकांत ठोस बदल झाला तर तारीख बदला, तळाचं कॉपीराइटचं वर्ष बदललं म्हणून नको, असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. पानं ताजी दिसावीत म्हणून तारखा पुढे ढकलणाऱ्यांना ते वेगळे चिमटे काढतात.

लेखिका: म्हणजे क्रॉलरसुद्धा आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं मागतोय.

बिल्डवाला: मागतोय खरा. पण क्रॉलरला 'हे पान पुन्हा वाचायला ये' एवढंच सांगायचं असतं. त्यासाठी गिटची तारीख पुरते. माणसाला पुरत नाही, हे मी आता मानतो. पण सगळ्या पानांवर '४.२वर करून पाहिलं' हे तू आणू शकणार नाहीस.

लेखिका: सगळ्यांवर नकोच. 'आर्किटेक्चरची ओळख' या पानावर काय करून बघणार? तिथे काहीच लिहू नये. शब्दसूचीवर नको. रिलीज नोट्सवर तर हास्यास्पद, त्यांच्या शीर्षकातच तारीख असते. जिथे वाचक कमांड चालवणार आहे तिथेच: इन्स्टॉलेशन, अपग्रेड, बॅकअप, ऑथेंटिकेशन.

बिल्डवाला: आणि ती ओळ जुनी झाली की? आपण ४.६वर गेलो आणि पान अजून '४.२वर करून पाहिलं' सांगतंय. तेव्हा विक्रीवाले येतील, म्हणतील लाज जाते, काढा.

लेखिका: काढायची नाही. जुनी दिसली तर जुनी दिसू दे. वाचकाला तेच तर कळायला हवं.

बिल्डवाला: हे तू लेखी देशील?

लेखिका: देईन. तू बिल्डमध्ये तपासणी बसव. या चार पानांत ती ओळ नसेल तर बिल्ड पडू दे. जुनी असेल तर पडू देऊ नको, फक्त मला यादी पाठव.

बिल्डवाला: ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण तू करून कशावर बघणार? तुझ्या लॅपटॉपवर आपलं सॉफ्टवेअर आधीच बसलेलं आहे, त्यावर इन्स्टॉलेशन तपासलं म्हणणं म्हणजे…

लेखिका: कोरी मशीनं लागतील. उबंटू, विंडोज, मॅक. अपग्रेडसाठी मागची आवृत्ती बसवलेलं एक वेगळं. आणि दर रिलीजला माझा निदान अर्धा दिवस.

बिल्डवाला: उबंटू आणि विंडोज मी देतो, बिल्ड संपला की तीच मशीनं मोकळी असतात. मॅकचं मागावं लागेल. अर्धा दिवस माझ्या हातात नाही, तो मॅनेजरकडे माग.

लेखिका: मागते. तोवर ती तळाची ओळ बंद कर.

बिल्डवाला: पानावरून काढतो. साइटमॅपमध्ये राहू दे.

लेखिका: त्यातून ते प्रेटियरचं कमिट वगळलंस?

बिल्डवाला: अजून नाही. मंगळवारी बघतो.